समुद्राला बारी नसते

सोनवणे आबा एकटे असले तरी रांगेतच उभे राहतात.

मी चेष्टा करत नाही. बारामतीच्या पोस्टात दुपारी तीनला जा. खिडकीपुढं चिटपाखरू नसतं, आतला कारकून जांभया देत असतो, आणि आमचे आबा खिडकीपासून चांगले हातभर मागं, काखेत छत्री धरून उभे असतात. कारकून म्हणतो, "या की आबा." आबा आधी मागं वळून बघतात, मग बाकड्यावर कुणी बसलंय का ते बघतात. "आधी आल्यालं कुणी न्हाय ना?" असं विचारतात आणि मगच पुढं सरकतात. कारकुनाला सवय झालीय. नवीन कारकून आला की त्याला मात्र वाटतं, म्हातारबुवा तपासणीला आलेत, आणि तो उगीचच टेबल आवरायला लागतो.

गिरणीचा प्रकार तर आमच्या अख्ख्या कॉलनीला पाठ आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत माणसं रांग लावत नाहीत, डबे लावतात. आपला डबा ठेवायचा, घरी जाऊन भाजी फोडणीला टाकायची, बेतानं परत यायचं. एकदा आबा ज्वारी घेऊन गेले तर पुढं एकच डबा. त्याचा माणूस काही येईना. आबा बाकड्यावर बसले. गिरणीवाल्याला वाटलं, गप्पा मारायला बसलेत. त्यानं आपली ऊसदराची, पावसाची, पोरीच्या स्थळाची सगळी कहाणी सांगून टाकली. दिवस कलला तेव्हा आक्का, म्हणजे आबांच्या मंडळी, शोधत आल्या. "दळण कुठाय?" "अजून बारी न्हाय आली. हा डबा फुडं हाय." आक्कांनी गिरणीवाल्याला विचारलं, हा डबा कुणाचा? तो म्हणाला, "माझाच की. सांडलेलं पीठ भरायला ठेवलाय." त्या संध्याकाळी सोनवण्यांच्या घरी भाकरी झाली नाही, भात झाला. आणि भात वाढताना आक्का जे बोलल्या ते भिंतीपलीकडं मला स्वच्छ ऐकू आलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी शाळेत शिकवते.

आबांना हे खूळ लागलं ते नोकरीपायी. ते कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे बघणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. आमच्या भागात सगळा ऊस, आणि ऊस म्हणजे सदाच तहानलेला. त्यामुळं पाटकऱ्याच्या दारात गुळाच्या ढेपा यायच्या, कोंबड्या यायच्या, एकदा तर कुणी दूध देणारी शेळी आणून बांधली होती. आबांनी ती स्वतः हाकत नेऊन परत केली. "ज्याची बारी, त्याचं पाणी," एवढंच म्हणायचे. मोठा बागायतदार असो नाहीतर दीड एकरवाला, बारी म्हणजे बारी.

नोकरी संपली, पण हे वाक्य काही रिटायर झालं नाही. पंगतीत कुणी दुसरी जिलबी मागितली की आबा पहिल्या जिलबीविना बसलेल्याकडं बोट दाखवणार. एकदा शेजारच्या गल्लीत एक तरणाताठा माणूस वारला. आम्ही भेटायला गेलो. सगळे गप्प बसलेले. आबांनी मृताच्या चुलत्यांकडं, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडं, एकटक बघितलं आणि उसासा टाकून म्हणाले, "बारी मोडली बगा." तो म्हातारा पुढं महिनाभर आबा दिसले की गल्ली बदलायचा.

मी या कॉलनीत नवीन राहायला आले तेव्हा विरजण मागायला म्हणून आक्कांकडं गेले. आक्कांनी वाटी हातात दिली आणि खुर्चीतल्या आबांकडं बोट करून मला त्यांची ओळख करून दिली, "ह्या माणसानं माझ्या बापाची ज्वारी वाळवली."

मी वाटी सावरून धरली. आबांनी शांतपणे मान हलवली. "वाळवली. लासुर्ण्याला माझ्या सासऱ्याचं रान, कालव्याच्या पार शेपटाला. त्याची बारी मंगळवारी हुती. रविवारी कशी देऊ?"

"मंगळवारपर्यंत ज्वारी कुठं ऱ्हायली हुती?" आक्का म्हणाल्या.

"न्हाय ऱ्हायली," आबांनी कबूल केलं.

ही भांडणं मी इतक्यांदा ऐकलीत की दोघांपैकी एक गावाला गेलं तर त्याची बाजू मी बोलू शकेन. आणखी एक सांगायचं राहिलं. जन्म कालव्याच्या काठानं गेला, पण आबांना पोहता येत नाही आणि पाण्याची त्यांना विलक्षण भीती. पुलावरनं जाताना ते मधोमध चालतात. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "बाई, पाणी सोडायचं असतंय. पाण्यात पडायचं नसतंय."

आता मूळ दुखण्याकडं येते.

सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जायचं, हे आमच्या घरांमधून कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आक्का तर बापाच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी एक वर्ष चुकवलं नाही. लग्न झालं, पोरं झाली, संप झाले, आक्कांचं जाणं ठरलेलं. पण गुडघ्यांना ते कुठं माहीत? एका वर्षी रांगेत उभं राहून राहून त्यांचे पाय लटपटायला लागले. तिथल्या एका स्वयंसेवक पोरीनं ते बघितलं आणि म्हणाली, "आजी, चला, म्हाताऱ्या माणसांना इकडनं सोडतोय." आक्कांनी पाऊल उचललंसुद्धा. आबा आडवे झाले.

"आमच्या फुडं माणसं हाईत की. त्यांची बारी आधी."

पोरीनं समजावलं, पुढच्या माणसांनी समजावलं. "जाऊ द्या हो बाबा, आमचं काही म्हणणं नाही," असंही लोक म्हणाले. आबा हलले नाहीत. थोड्या वेळानं आक्का रस्त्यावरच बसल्या आणि त्यांना उठता येईना. शेवटी चौघांनी उचलून त्यांना बाहेर काढलं. चैत्यभूमी समोर, आणि आक्का दर्शनाविना परत आल्या.

बारामतीपर्यंत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. पुढं वर्षभर आबांना जेवायला वाढायच्या ते पाठ करून. बघणाऱ्याला हसू यायचं, कारण भाकरी ताटाऐवजी कधी पाण्याच्या तांब्यावर जायची. पुढचा डिसेंबर आला तेव्हा आक्का म्हणाल्या, "मी न्हाय येत. माझ्यानं उभं ऱ्हावत न्हाय." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आबाही गेले नाहीत. दिवसभर पायरीवर बसून होते, आणि नळाला पाणी आलं तरी आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाचा हंडा आधी हे बघायला उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची दया आली आणि रागही आला.

मी म्हटलं, "आबा, साध्या दिवशी जाऊ. गर्दी नसते. दारापर्यंत टॅक्सी जाते."

आतनं आक्काच म्हणाल्या, "मातीला चार दिसांनी गेल्यावाणी व्हय? त्याच दिवशी जायाचं असतंय."

"मग म्हाताऱ्यांच्या वाटेनं जा."

"ती वाट रांगेच्या मधीच घुसती," आबा म्हणाले. झालं. दोघंही आपापल्या जागी पक्के. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली. परत आल्यावर मी आबांना सहज सांगत होते की गेटवेला आता भन्नाट पळणाऱ्या छोट्या बोटी आल्यात. भाड्यानं घ्यायची, ती समुद्रातनं सगळी मुंबई दाखवून आणते. चौपाटी, मलबार हिल, हाजी अली, पार दादरपर्यंत म्हणे.

आबा एकदम ताठ बसले. "दादर समुद्रातनं दिसतंय?"

"किनाऱ्यावरच आहे ते. दिसणारच."

"चैत्यभूमी?"

"ती तर अगदी वाळूला लागून."

आबा बराच वेळ छत्रीच्या टोकानं फरशीवर रेघा ओढत बसले. मग विचारलं, "आन त्या अंगानं रांग असती का?"

"समुद्रात कसली आलीय रांग, आबा?"

"म्हंजी कुणाची बारी मोडत न्हाय," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला पुढचं सगळं तिथंच दिसलं. ज्या माणसाला कालव्याच्या पुलावर घेरी येते, तो बायकोला घेऊन अरबी समुद्रात निघाला होता.

मला बरोबर घेतलं, कारण आबांच्या मते मुंबईत हिंदी लागते आणि मी शिकलेली. आक्कांना बोटीचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बुडालो तर?" आबा म्हणाले, "तर संगट बुडू." आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "ह्याला म्हणत्यात नवरा," म्हणाल्या, पण ट्रंकेतनं पांढरं लुगडं काढलं.

पाच तारखेला आम्ही दौंडला गाडी धरायला गेलो. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. गाडी आली, लोक दाराशी झोंबायला लागले, आणि आबांना राहवलं नाही. छत्री आडवी धरून त्यांनी दारासमोर उभं राहून लोकांना ओळीत लावलं. आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. इतकी सुंदर रांग दौंड स्टेशननं कधी बघितली नसेल. बायका पुढं, लेकुरवाळ्या त्याच्याही पुढं, सगळं शिस्तीत. आणि रांग निम्मी आत गेली तेवढ्यात गाडी सुटली. पलीकडच्या दारानं धक्काबुक्की करून चढलेले लोक आम्हाला खिडकीतनं हात हलवत गेले. रांग लावणारा माणूस रांगेत शेवटी, आणि घरची माणसं त्याच्याबरोबर, त्यामुळं आम्ही तिघं फलाटावर.

"दुसरी गाडी हाय की," आबा म्हणाले.

"तुमी ह्या जन्मी मला न्हेत न्हाय," आक्का म्हणाल्या, आणि ट्रंकेवर बसून घेतलं.

पण नेलं. दुसऱ्या गाडीनं गेलो, माझ्या मावसबहिणीकडं उतरलो आणि सकाळी गेटवेला पोचलो. तिथं बोटवाला मिळाला, चांगला मराठी बोलणारा होता. भाव ठरला. आबा काही बोटीत पाय टाकेनात. म्हणाले, "ही दोघं आपल्या आधीपास्नं हुबी हाईत." पायऱ्यांवर एक गुजराती जोडपं होतं. मी जाऊन विचारलं. ते फोटो काढत होते, त्यांना बोटीत जायचंच नव्हतं. आबांना तरी पटेना. ते जोडपं फोटो काढून निघून जाईपर्यंत आम्ही थांबलो. आक्का मला म्हणाल्या, "सुमन, मी हितंच मातारी हून मरंन." मी म्हटलं, म्हातारी तुम्ही झालाच आहात, आता मरू तेवढं नका.

बोट सुटली आणि मीसुद्धा देवाचं नाव घेतलं, आमच्यात पद्धत नसताना. काय ती पळत होती. पाण्यावर आपटायची, उडायची, परत आपटायची. आक्का मात्र पुढच्या फळीवर ताठ, पदर दातात धरलेला, जशा एस्टीत खिडकीशी बसल्यात. त्यांनी एका हातानं लोखंडी कठडा आणि दुसऱ्या हातानं आबांचा दंड धरला होता. "हे पडतील," मला ओरडून सांगितलं.

बोटवाला दाखवत होता. "ते नरिमन पॉइंट. ती चौपाटी. तो डोंगर दिसतोय ना, तिथं मोठमोठ्या लोकांचे बंगले."

"व्हय का," आबा म्हणाले.

"आणि ते बघा राजभवन, राज्यपाल राहतात."

"बरं हाय की," आबा म्हणाले. मी वळून बघितलं तर आबांचे डोळे घट्ट मिटलेले. गेटवेपासून मिटलेलेच असणार. राज्यपालांचा बंगला बरा आहे हे त्यांनी डोळे मिटूनच ठरवलं होतं. मला इतकं हसू आलं की तोंडात खारं पाणी गेलं.

हाजी अली आलं तेव्हा आक्कांनी तिथंही मान लववली. मग वरळी आली. खडक, वर जुना किल्ला, आणि बोटवाल्यानं इंजिन मंद केलं.

"बस. आपली फेरी इथवर. दादर त्या टोकाच्या पलीकडं."

"दिसत नाही इथनं," मी म्हटलं. "तुम्ही दादर म्हणाला होता."

"बाई, दादरच्या बाजूला म्हणालो होतो. गेटवेला दुसरी पार्टी उभी आहे. त्यांचा नंबर लावलाय, मला वेळेत पोचायचंय."

बोट हेलकावे खायला लागली. मी आबांकडं बघायचंच टाळलं. जगातल्या सगळ्या माणसांमध्ये या एका माणसाला ही एक गोष्ट सांगायला नको होती. मी बोटवाल्याशी भांडले असते, पैसे वाढवून दिले असते, पण आबा असताना दुसऱ्याचा नंबर मोडा असं कुठल्या तोंडानं सांगू?

आक्का त्या खडकांकडं बघत म्हणाल्या, "चला मागं. ह्यांच्या बारीफुडं कुणाचं चाललंय?" रागानं नाही म्हणाल्या. तेच वाईट वाटलं. दोन वर्षं रागावलेल्या आक्का मला चालल्या असत्या.

"फुडं घ्या," आबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच.

बोटवाला म्हणाला, "काका, तिथं लोक थांबलेत."

"थांबू द्यात."

"त्यांचा नंबर आहे."

"हाय. म्हाईत हाय मला." आबांनी छत्री छातीशी धरली. "त्यांना थांबू द्या जरा. ही लई दिस थांबलीया."

बोटवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आक्का तर नवऱ्याकडं अशा बघत होत्या, जणू बोटीत कुणी परका माणूस बसलाय. बोटवाल्यानं इंजिन वाढवलं आणि टोकाला वळसा घातला.

आणि ते दिसलं. किनारा सगळा माणसांनी पांढरा झालेला, निळे झेंडे, आणि मधोमध तो पांढरा घुमट. पुढं पाणी उथळ, म्हणून बोट लांबच थांबली, पण स्वच्छ दिसत होतं. इंजिन बंद केल्यावर लाउडस्पीकरचा आवाजही येत होता, तुटक तुटक. आक्का उठून उभ्या राहिल्या. हलणाऱ्या बोटीत, त्या गुडघ्यांवर. दोन्ही हात जोडले आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या. ओठ हलत होते, मला फक्त शेवटचं "जय भीम" ऐकू आलं. मीही हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मला तिथं कुणी मागनं ढकलत नव्हतं, आणि मला रडू आलं हे सांगायला कसली लाज?

परत गेटवेला आलो तर दुसरी पार्टी खरंच ताटकळत उभी होती. नवं जोडपं होतं आणि बरोबर मुलाचे आई-बाप. मधुचंद्राला आई-बाप आणणारे लोक मी तेव्हाच बघितले. आबा कसेबसे पायऱ्या चढले, त्यांच्यापुढं गेले आणि हात जोडून म्हणाले, "तुमची बारी मी खाल्ली. माफी करा." त्यांना मराठी येत नव्हती. मुलाच्या बापाला वाटलं, म्हातारा बोटीची शिफारस करतोय. त्यानं आबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि पिशवीतनं केळ्याचे वेफर्स दिले. आबांनी ते पाकीट कुणाला फोडू दिलं नाही. "आपल्याला हक न्हाय," म्हणाले.

त्याच दिवशी दुपारच्या एस्टीनं आम्ही बारामतीला निघालो. आक्का खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. डोळ्याखाली समुद्राच्या पाण्याचं पांढरं मीठ तसंच राहिलेलं. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "आबा, एवढा खटाटोप केलात, आणि तुम्ही स्वतः तर डोळे मिटून होता. तुम्हाला कुठं दिसलं काही?"

"मला न्हाय दिसलं. पण तिला दिसलं ते मला कळलं."

"कसं?"

"गेटवेपास्नं तिनं माझा दंड धरला हुता. लई जोरात. तितं आल्यावर सोडला." आबांनी शर्टाच्या बाहीवरून दंड चोळला. "दोनी हात जोडाया लागत्यात न्हवं. त्यावरनं वळखलं."

"भर समुद्रात आक्कांनी तुम्हाला सोडलं? भीती नाही वाटली?"

"वाटली की. जीव निस्ता गळ्यात आला." त्यांनी झोपलेल्या आक्कांकडं बघितलं आणि खिडकीतनं येणारं ऊन अडवायला छत्री जराशी उघडून त्यांच्या तोंडावर धरली. "पण हाक न्हाय मारली. म्हटलं, बघू दे तिला पोटभर."